परमुलखाचा दरवाजा आणि आपलें मत
(कोल्हार येथें केलेलें भाषण)



परराष्ट्रांशीं व्यवहार हा दिल्लीच्या मोठ्या लोकांचा खेळ, आपल्या नांगराशीं त्याचा काय संबंध, असें आपण समजतों. संबंध काय तें आपल्या कांद्याच्या चाळीला विचारा! परमुलखाचा दरवाजा लागतो दिल्लींत, आणि कांदा सडतो प्रवराकाठीं.

ता. 19 ऑगस्ट 2023 रोजीं सरकारनें कांद्यावर शेंकडा 40 निर्यातकर बसविला. ता. 8 डिसेंबरला निर्यातच बंद केली. मुदत 31 मार्च 2024 ची होती, तीही वाढविली. एप्रिलांत गुजरातेंतला 2,000 टन पांढरा कांदा बाहेर जाऊं दिला, तेव्हां आपल्या मुलखांत ओरड उठली. ता. 4 मे रोजीं बंदी उठली, कर राहिला. शिर्डी मतदारसंघाचें मतदान होतें ता. 13 मे रोजीं. मधले दिवस मोजा, नऊच! पुढें विधानसभेचें मतदान 20 नोव्हेंबरला. त्याआधीं 13 सप्टेंबरला कर निम्मा झाला. पुरता उठायला मात्र 1 एप्रिल 2025 उजाडावा लागला.

शहरांतल्या गरिबावर आमचा राग नाहीं. त्यालाही चूल पेटवावयाची आहे. 1998 सालीं कांदा महागला, आणि दिल्ली प्रांताचें सरकार निवडणुकींत हरलें. तेव्हांपासून त्याचा धाक सरकारला आहे. आपला धाक कोणाला आहे?

गिरणीवाल्यांकडे पाहा. 2025 सालीं अमेरिकेनें आपल्या कापडावर जकात चढविली. परदेशी कापसावरील शेंकडा 11 जकात काढा, अशी गिरणीवाल्यांच्या संघांची मागणी होतीच. ती 19 ऑगस्टपासून काढली, आणि सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे आपला कापूस बाजारांत येतो त्या ऐन हंगामांत! त्यांना मतदानाची वाट पाहावी लागली नाहीं. त्यांचा संघ बारमाही जागा असतो. मागणें हा गुन्हा नव्हे. न मागणें हा आपला आळस आहे.

1980 सालीं शरद जोशी यांच्यामागें चाकणचे कांदेवाले रस्त्यावर बसले, तेव्हां सरकारला ऐकावें लागलें. पण आपण हंगामापुरते एक होतों, आणि निवडणूक आली कीं झेंड्याझेंड्यांत वांटले जातों.

सुतार-लोहार दादांनो, कुणब्याच्या हातीं पैसा नसेल तर तुमचा भाताही थंडच राहणार. म्हणून गांवोगांव एक वही घाला. लागवड किती, खर्च किती, भाव काय मिळाला, सडला किती, सारें तींत लिहा. ती वही दर अधिवेशनाआधीं खासदारापुढें ठेवा, आणि मत मागावयास येईल त्याच्याकडून निर्यातीविषयीं लेखी उत्तर घ्या, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो.

मत आपण पांच वर्षांनीं देतों. हिशेब दर महिन्याला मागूं या.