ट्रॅक्टरचा हप्ता थकला आणि फोन सुरू झाले



सोयाबीनची रास घरात पडून आहे, भाव उतरलेला आहे आणि ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता दारात उभा. अशा वेळी वसुलीचे फोन सुरू होतात. मग आपण काय करतो? फोन पालथा घालतो, नाहीतर पोराच्या हातात देऊन "बाबा रानात गेलेत म्हण" असं सांगतो. इथंच बिघडतं. तुम्ही बोलेनासे झालात की कंपनीला वाटतं, गडी बुडवायला निघाला.

तेव्हा फोन घ्या. बोलणाऱ्याचं नाव विचारा, तो कंपनीचा नोकर की बाहेरचा एजंट तेही विचारा आणि तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा. सुटका व्हावी म्हणून "सोमवारी भरतो" असं मात्र बोलून जाऊ नका. सोमवार उजाडतो आणि पुढचा शब्द कोणी धरत नाही. आडतीची पट्टी कधी येणार, त्यातून किती देता येतील, एवढंच खरं सांगा.

खरं बोलणं शाखेत जाऊन करायचं. अर्जाच्या दोन प्रती न्या. आज एवढे भरतो, बाकी अमुक तारखेला भरतो, हप्त्याची तारीख सुगीप्रमाणे बदलून द्या, असं लिहा. एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. बँकेनं मान्य केलंच पाहिजे असं नाही, पण तुम्ही पळत नव्हता याचा कागद राहतो. खातेउताराही मागा. नव्या कर्जांसाठी एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे, की थकल्याबद्दल दंड लावता येतो, पण त्या दंडावर व्याज चढवता येत नाही.

पैसे कर्जखात्यातच भरा. एजंटाच्या स्वतःच्या मोबाईल नंबरावर पाठवू नका. रोख दिले तर तिथल्या तिथे पावती.

आता त्यांच्या बाजूचे नियम. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे, की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, पाव्हण्यारावळ्यांना फोन, चारचौघांत अब्रू काढणं, हे काहीच चालत नाही. "पोलीस आणतो" म्हणाला तर घाबरू नका. नुसता हप्ता थकणं हा गुन्हा नाही. चेक परत गेला तर गोष्ट वेगळी. त्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात. ती नोटीस फळीवर टाकून ठेवू नका.

ट्रॅक्टर न्यायला माणसं आली तर ओळखपत्र, कंपनीचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत मागा. ताब्याची रीत आणि नोटिशीची मुदत करारात लिहिलेली असते. सही करताना कोण वाचतो म्हणा, पण आता वाचा. जबरदस्ती झाली तर ११२ ला फोन लावा. ट्रॅक्टरच्या आडवं मात्र कोणी जायचं नाही, बायापोरांनी तर नाहीच. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडात हजारीबाग जिल्ह्यात अशाच वसुलीत शेतकऱ्याच्या गरोदर मुलीचा ट्रॅक्टरखाली जीव गेला. पुढे रिझर्व्ह बँकेनं त्या कंपनीची बाहेरच्या एजंटांमार्फत होणारी वसुली काही महिने थांबवली. गेलेली पोर काही परत आली नाही.

त्रास झाला तर आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गावच्या पतसंस्थेचं कर्ज असेल तर ही वाट नाही. तिथं तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज द्यावा. अर्जासोबत वहीतल्या नोंदी आणि पोच घेतलेली प्रत जोडायला विसरू नका.