लंगड्याने मला ओळखून ठेवलंय

आज एका कावळ्याबद्दल बोलायचंय, आणि थोडं माझ्या चुकीबद्दल.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आज्जी रोज सकाळी पहिल्या पोळीचा तुकडा घेऊन उभी राहायची. घ्यायला येणारा कावळा ठरलेला. त्याच्या एका पायाला बोट कमी होतं, म्हणून आज्जी त्याला लंगड्या म्हणायची. ग्रिलवर बसून तो थेट तिच्या हातातून तुकडा घ्यायचा.

लॉकडाउनमध्ये मी घरून काम करत होतो. एकदा क्लायंटचा कॉल चालू असताना हा खिडकीत काव काव करत बसला. मी चिडून झाडू फेकला. त्याला लागला नाही. पण त्यानंतर मी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेलो, की समोरच्या नारळावरून तो माझ्यावर ओरडायचा. बाबा गेले तर गप्प. आज्जी म्हणाली, "त्याने तुला ओळखून ठेवलंय बरं का." मी हसलो. म्हटलं, "आज्जी, कावळ्याला सगळी माणसं सारखीच."

गेल्या वर्षी आज्जी गेली. दहाव्याला घाटावर बराच वेळ कावळा शिवेना. काकांनी, आत्याने काय काय कबूल करून पाहिलं. शेवटी मी पुटपुटलो, "आज्जी, लंगड्याला रोज पोळी घालीन." थोड्या वेळाने एक कावळा खाली उतरला. मला तो योगायोगच वाटतो. पण शब्द दिला तो दिला.

घरी पोळी ठेवायला लागलो. लंगड्या नारळावर यायचा, मला बघून ओरडायचा, निघून जायचा. पोळी तिथेच वाळायची. तेव्हा मी याबद्दल वाचायला बसलो.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाच्या शास्त्रज्ञांनी यावर काम केलं. 2006 मध्ये त्यांच्या टीमने आदिमानवाचा मुखवटा घालून 7 कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिलं. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं, की कावळे कलकलाट करायचे. दुसरा, साधा मुखवटा घातला तर फारसं लक्ष नाही. म्हणजे ओळख कपड्यांची नव्हती, चेहऱ्याची होती. पुढे तर कधीच पकडले न गेलेले कावळेही ओरडायला लागले, कारण ते आपल्या आईबापांकडून आणि थव्याकडून शिकले होते. 2012 मध्ये याच टीमने कावळ्यांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. पकडणाऱ्याचा चेहरा आणि खायला घालणाऱ्याचा चेहरा दिसला, की मेंदूचे वेगवेगळे भाग जागे होत होते.

ते कावळे अमेरिकन, आपला राखी मानेचा गावकावळा वेगळ्या जातीचा. पण कुळी एकच. आणि माझ्या खिडकीत दिसत होतं ते याच्याशी तंतोतंत जुळत होतं.

मुक्या जनावराचा जीव लागतो, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण जी आठवण आज्जीचा हात ओळखते, तीच माझा झाडूही ओळखते. त्यातली आपल्याला आवडेल तेवढीच निवडता येत नाही. 'सॉरी' म्हणायचीही सोय नाही. रोज नीट वागायचं, एवढाच मार्ग.

मग मी तेच केलं. रोज साडेआठला, त्याच जागी पोळी ठेवायची, फ्रिजपर्यंत मागे सरकायचं, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. जवळजवळ दोन महिने गेले. एका सकाळी तो ग्रिलवर उतरला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, तुकडा उचलला आणि उडाला. मी तिथेच उभा राहिलो. आईने विचारलं, "काय झालं रे?" मला बोलताच येईना.

आज्जीच्या हातातून घ्यायचा तो. माझ्या हातातून अजून घेत नाही. पण आता मला बघून ओरडत नाही.

तुमच्या खिडकीत कोण येतं? त्याने तुम्हाला कशासाठी लक्षात ठेवलं असेल? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.