हजार मीटरखालचे खारे पाणी

खानदेशात आज नैसर्गिक वायू देणारी एकही विहीर नाही. तरीही वायूच्या विहिरीतून निघणाऱ्या सांडपाण्याविषयी जळगाव-धुळ्याच्या लोकांनी आत्ताच बोलायला हवे, असे मला वाटते. आपल्या पायाखालच्या काळ्या कातळाखाली, नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, त्याहून जुना गाळाचा खडक दबलेला आहे, असे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या पाहण्यांतून पुढे आले आहे. अशाच खडकात तेल आणि वायू सापडण्याची आशा असते. शोध घेणाऱ्यांच्या नकाशावर या प्रदेशाला ‘डेक्कन सिनेक्लाइज’ म्हणतात, आणि त्यातले काही गट केंद्र सरकारने यापूर्वी शोधासाठी दिलेही होते. वायू सापडेल की नाही, हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतील. सापडला तर त्याच्याबरोबर वर येणाऱ्या पाण्याचे काय करायचे, हे मात्र आपण आधी ठरवू शकतो.

हे पाणी साधे नसते. लाखो वर्षे खडकात कोंडलेले पाणी वायूबरोबर वर येते. त्यात मीठ असते, बेरियम आणि ब्रोमाइड असते, काही ठिकाणी रेडियमही असते. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या शेल खडकांतून निघालेले पाणी समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट खारट होते. सुरुवातीच्या वर्षांत ते सरळ नगरपालिकांच्या सांडपाणी केंद्रांकडे धाडले गेले. ती केंद्रे मैला शुद्ध करण्यासाठी बांधलेली, मीठ काढण्यासाठी नव्हेत. त्यामुळे मीठ आणि ब्रोमाइड तसेच नदीत उतरले. 2011 मध्ये राज्याने कंपन्यांना हे थांबवण्याची विनंती केली, आणि देशभराची बंदी यायला 2016 उजाडले. दरम्यान, 2013 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी असे पाणी शुद्ध करणाऱ्या एका केंद्राच्या खालच्या अंगाला ओढ्याचा गाळ तपासला, तेव्हा त्यात वरच्या अंगापेक्षा सुमारे दोनशे पट रेडियम आढळले. विहिरी आधी आणि नियम मागाहून, असा क्रम लागला की काय होते, याचा हा पुरावा आहे.

आपल्याकडे कायदा आहेच, मग चिंता कशाची, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. पर्यावरण संरक्षण नियमांत तेल-वायू उद्योगासाठी स्वतंत्र मानके आहेत. जमिनीवर सोडायच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 2,100 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नयेत, क्लोराइड 600 च्या वर जाता कामा नये. ही मर्यादा कडक आहे, आणि ती चांगली आहे. पण त्याच नियमांत एक दुसरी वाट आहे. सोडून दिलेल्या विहिरीत, जमिनीखाली हजार मीटरपेक्षा खोल, हे पाणी परत दाबून सोडता येते, आणि तसे करताना फक्त दोनच गोष्टी पाहिल्या जातात: तरंगते कण आणि तेल-ग्रीस. क्षारांना तिथे मर्यादाच नाही. मीठ काढणे खर्चाचे असल्याने कोणती वाट निवडली जाईल, ते उघड आहे.

हजार मीटरखालचे पाणी पितो कोण, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. जुन्या तेलक्षेत्रांत त्यात तथ्य आहे. तिथे वर्षानुवर्षे उपसा होऊन खडकातला दाब उतरलेला असतो, आणि परत सोडलेले पाणी ती जागा भरते. खानदेशात असा रिकामा झालेला खडक नाही. इथे पाणी सोडायचे तर ते न हललेल्या खडकात, चढत्या दाबाने सोडावे लागेल. शिवाय ती विहीर तापीच्या गाळातून खाली जाणार. हा गाळ काही भागांत शेकडो मीटर जाड आहे, आणि रावेर-यावलची केळी त्यातल्याच पाण्यावर उभी आहे. विहिरीची लोखंडी नळी आणि तिच्याभोवतीचे सिमेंट कुठे तडकले, तर खारे पाणी वरच्या थरात शिरायला वाट मिळते. खारे भूजल म्हणजे काय, हे आपल्याला दूर जाऊन बघायला नको. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा शेजारीच आहे, आणि तीच पूर्णा मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिथले मीठ निसर्गाने दिलेले आहे, तरी पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याला विहिरीचे पाणी पिकाला देता आलेले नाही. केळीला तर मीठ मुळीच सोसत नाही.

दाबाचा प्रश्न याहून गंभीर आहे. ओक्लाहोमात तेल-वायूच्या विहिरींतले खारे पाणी वर्षानुवर्षे खोल खडकात दाबले गेले, आणि पूर्वी क्वचित हादरणाऱ्या त्या राज्यात भूकंपांची रांग लागली. 3 सप्टेंबर 2016 रोजी पॉनीजवळ 5.8 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा आसपासच्या पाणी सोडण्याच्या विहिरी बंद करण्याचे आदेश निघाले. तापीचे खोरे जुन्या प्रस्तरभंगांच्या पट्ट्यात आहे. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. तो कुणी घडवला नव्हता, पण इथला खडक निवांत नाही एवढे त्याने दाखवले. म्हणून माझे म्हणणे असे, की पाणी परत जमिनीत सोडण्याची सवलत तापीच्या खोऱ्याला लागूच करू नये. जे पाणी वर येईल ते शुद्ध करून पुन्हा वापरावे, उरलेले मीठ अस्तर घातलेल्या बंदिस्त जागी ठेवावे, आणि टँकर भरला त्या क्षणापासून रिकामा होईपर्यंतचा हिशेब ठेवावा.

दुसरी गरज आधीच्या मोजणीची. पेन्सिल्व्हेनियात विहिरी बिघडल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ‘पाणी आधीपासूनच असे होते’ हे उत्तर अनेकांना ऐकावे लागले, कारण आधीची नोंद नव्हती. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजली जाते. वायूसाठी पहिले छिद्र पडण्याआधी परिसरातल्या विहिरींत क्लोराइड, ब्रोमाइड आणि बेरियम मोजून ठेवले, तर पुढे आलेले मीठ खताचे, गटाराचे की खोल खडकातले, हे ओळखता येते. ब्रोमाइड आणि क्लोराइडचे प्रमाण त्यासाठी खुणेसारखे उपयोगी पडते. खर्च कंपनीने द्यावा, नमुने यंत्रणेने घ्यावेत आणि आकडे ग्रामपंचायतीत लावावेत.

देशाला वायू हवा, युरियासुद्धा वायूतूनच बनतो, मग शोधाला अडथळे का, हा आक्षेप मला मान्य आहे तो एवढाच, की वायू हवा. पण शोधाची वाट आधीच सोपी झाली आहे: केंद्राच्या जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधाला पर्यावरण मंजुरीच्या ‘ब-2’ वर्गात टाकले आहे. त्यामुळे शोधविहिरीसाठी जनसुनावणी होत नाही. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतकऱ्याच्या 60 मीटरहून खोल विहिरीवर निर्बंध आहेत. आणि 10 मे 2025 रोजी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला; 31.13 अब्ज घनफूट पाण्याची ही योजना याच गाळाचे भूजल भरून काढण्यासाठी आहे. ज्या थरात सरकार गोडे पाणी मुरवणार, त्याच थरातून आरपार जाणाऱ्या विहिरीबद्दल गावकऱ्यांना बोलण्याची संधी नसावी, हे पटणारे नाही. जनसुनावणीची अट महाराष्ट्र शासन या खोऱ्यापुरती केंद्राकडे मागू शकते, आणि खानदेशच्या आमदार-खासदारांनी ती मागणी नवे गट लिलावाला निघण्याआधीच लेखी नोंदवायला हवी.