घरी सोडलं, पण कुणाच्या हाती?

‘उद्या सकाळी घरी सोडू’ असं डॉक्टर राउंडला सांगून जातात आणि रुग्ण प्रत्यक्षात निघतो तो संध्याकाळी. मधला दिवस बिलाच्या खिडकीशी जातो. विम्याची मंजुरी, उरलेली औषधं फार्मसीत परत करणं, फाइल खाली आली का याची चौकशी. शेवटी सिस्टर डिस्चार्ज कार्ड हातात देतात आणि पाच मिनिटांत गोळ्या समजावतात. ऐकणारा मुलगा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा असतो. रात्री त्या गोळ्या देणारी सून तेव्हा घरी सासऱ्यांचं अंथरूण घालत असते.

धोका इथेच सुरू होतो.

सर्वांत मोठा घोटाळा औषधांचा. घरात रक्तदाबाच्या गोळ्यांची जुनी पट्टी असते, नव्या चिठ्ठीवर दुसऱ्या कंपनीचं नाव असतं. औषध एकच, नावं दोन. डोस दुप्पट जातो आणि आजोबा पहाटे लघवीला उठताना चक्कर येऊन पडतात. उलटही घडतं. दवाखान्यात तात्पुरती थांबवलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे कार्डावर लिहिलेलंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा तिच्या तीन मुख्य विषयांत रुग्णाचं दवाखान्यातून घरी असं होणारं स्थलांतरही होतं.

बोस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात डॉ. ब्रायन जॅक आणि सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय करून पाहिला. ७४९ रुग्ण घेतले. त्यातल्या निम्म्यांसाठी एक परिचारिका फक्त घरी पाठवण्याची तयारी करत असे. पुढची तपासणी कधी, कोणती गोळी कशासाठी, हे सोप्या भाषेतल्या पुस्तिकेत लिहून देत असे आणि समजलं ते रुग्णाकडून वदवून घेत असे. दोन-चार दिवसांनी औषधतज्ज्ञाचा फोन जाई. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की आपत्कालीन विभागाच्या फेऱ्या आणि पुन्हा भरती होणं मिळून महिन्याला दर शंभर रुग्णांमागे नेहमीच्या पद्धतीनं सोडलेल्यांत ४५ होतं, तर या रुग्णांत ३१. फोनवर औषधं तपासून घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या गोळ्यांत काही ना काही अडचण निघाली. तो फोन गेला नसता, तर ती कळली तरी कधी असती?

मग घरच्यांनाच सगळं शिकवावं का? आपल्याकडे हा विचार लगेच पटतो, कारण आपल्या वॉर्डात नातेवाईक रात्रंदिवस असतातच. पण इथे सावध राहायला हवं. भारतातल्या १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. एका गटातल्या नातेवाइकांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवून घरी पाठवलं गेलं, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. गोळ्या आणि जखमेची काळजी घरच्यांना शिकवलीच पाहिजे. फिजिओथेरपिस्टचं काम मात्र सुनेच्या मायेवर सोपवून मोकळं होता येणार नाही.

दारापर्यंत येणारं प्रशिक्षित माणूस काय करू शकतं, हे महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचं वजन करत, ताप बघत, श्वास मोजत. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि १९९९ मध्ये हे निष्कर्ष जगासमोर गेले. २०११ पासून देशभर हे काम आशा स्वयंसेविकांकडे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं, तरी आशा घरी येते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

नातवासाठी ठरलेल्या या सहा भेटी आहेत. त्याच घरात हृदयविकाराच्या झटक्यानंतर परतलेल्या आजोबांसाठी तसं वेळापत्रक नाही. ते व्हायला हवं, आणि तोवर प्रत्येक रुग्णालयाला तीन गोष्टी आजच करता येतील. कार्ड मराठीत द्यावं. गोळ्या देणाऱ्या माणसालाच बोलावून समजावावं. आणि कार्डाच्या तळाशी स्वागतकक्षाच्या जागी वॉर्डचा नंबर छापावा, रात्री दोन वाजताही उचलला जाईल असा.