टाकी गेली, विहिरीचं काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आपण दर मेळाव्यात बोलतो. आज विहिरीवर बोलू.

जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर बंद पडलेले पेट्रोलपंप आपण पाहतो. कुठे डिझेलच्या, कुठे रॉकेलच्या जुन्या टाक्या आहेत. वर गवत माजलं, पाटी गंजली, जागा विकायला निघाली. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते. लोखंड गंजतं, सांधे सुटतात. पंप चालू असताना गळती निदान हिशेबात तूट म्हणून दिसते. बंद पडल्यावर हिशेबही संपतो.

प्रत्येक बंद पंपाखाली गळती आहे, असा आमचा आरोप नाही. पण तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि आपण मागितल्याशिवाय कोणी तपासणार नाही.

२०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात लोकांच्या बोअरमधून पाण्याबरोबर इंधन येऊ लागलं. भारत पेट्रोलियमची जमिनीखालची पाइपलाइन गळत होती. ते शहर होतं, बोभाटा झाला. आपल्या शिवारातल्या विहिरीसाठी ओरडणार कोण?

पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं, त्याचा तवंग दिसतो. पण पेट्रोलमधलं बेंझिन पाण्यात विरघळतं, ते दिसत नाही. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग! इतक्या थोड्याचा वासही येत नाही. तुरटी फिरवून किंवा टीसीएल टाकून ते जात नाही.

मग करायचं काय?

पहिलं काम, जुन्या माणसांना विचारून टाक्या कुठे होत्या, किती होत्या, कधी बंद झाल्या ते लिहून काढा. मोठ्या साठ्याला परवाना देणाऱ्या केंद्राच्या खात्याची मुख्य कचेरी नागपूरलाच आहे. माहितीच्या अधिकारात जागेचा मंजूर नकाशा मागा.

दुसरं, आसपासच्या विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजा, पावसाळ्याआधी आणि नंतर. यावल-रावेरकडे तापीकाठचा खोल गाळ आहे, पाणी त्यातून झिरपतं. धुळे-साक्रीकडे काळा पाषाण, तिथे पाणी फटीफटीने धावतं. त्यामुळे जवळची विहीर चांगली आणि लांबची नासलेली, असंही होतं. पाण्याची वाट भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून समजून घ्या. मग टाकीच्या वरच्या अंगाची एक आणि खालच्या अंगाच्या दोन विहिरी तपासणीला निवडा.

तिसरं, नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, बर्फात ठेवून पोचवा. बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन तपासा, असं प्रयोगशाळेला लेखी सांगा. क्षार आणि सामूच्या नेहमीच्या तपासणीत यातलं काही दिसत नाही. हा नमुना आपल्या माहितीसाठी. कोर्टात उभा राहील असा नमुना १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाने घ्यायचा असतो. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून पाठवा.

आणि एक ध्यानात ठेवा. वास येणाऱ्या विहिरीत उतरू नका, काठावर काडी ओढू नका. ते पाणी माणसांना आणि ढोरांना पाजणं थांबवा.

कोणी म्हणेल, धंदा बंद झाला, मालक बदलला, आता धरायचं कोणाला? राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावच्या विहिरी रसायन कारखान्यांनी नासवल्या. कारखाने बंद झाले, तरी सुप्रीम कोर्टाने १९९६ साली सांगितलं की ज्याने घाण केली त्यानेच खर्च सोसायचा. हरित न्यायाधिकरणाचं पीठ पुण्यात आहे. तिथे भरपाई मागायला मुदत ५ वर्षांची. म्हणून पहिला वास कोणत्या तारखेला आला, ते त्याच दिवशी वहीत लिहा.

आमची मागणी सरळ आहे. बंद साठ्याची जागा विकण्याआधी टाकी उपसून काढा, माती-पाणी तपासा आणि अहवाल ग्रामपंचायतीत लावा. दादर आणि कपाशी एखाद्या साली बुडाली तर पुढच्या सालाची आशा असते. विहीर नासली तर गावानं कुठे जायचं?