बर्फावरची बारा वर्षें

अवघ्या १११ मीटर घेराच्या बर्फाळ रिंगणांत पोलादी पात्यांचे बूट घालून चौघेपांचजण एकदम धांवतात. शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची झुंज घड्याळाशीं नव्हे, शेजाऱ्याशीं असते. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी याच खेळांत वाढला. १९९४ सालीं लिलेहामर येथें त्याच्या संघानें कांस्यपदक मिळविलें. हिवाळी ऑलिंपिकमधील त्या देशाचें तें पहिलें पदक. त्याच वर्षीं माँट्रियल येथें दुसऱ्याच्या पात्यानें त्याची मांडी चिरली. १११ टांके पडले. २००० सालीं सरावांत मान मोडली. तरीहि तो रिंगणांत परतला.

२००२ सालीं सॉल्ट लेक सिटी येथें १००० मीटरच्या अंतिम फेरींत तो सर्वांच्या मागें होता. आपला वेग कमी, हें ओळखून त्यानें गर्दीपासून दूर राहण्याचाच बेत केला होता. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेहि कोसळले आणि ब्रॅडबरी सुवर्णपदकाचा धनी झाला. दक्षिण गोलार्धाचें हिवाळी ऑलिंपिकमधील हें पहिलें सुवर्णपदक! लोकांनीं त्यास निव्वळ दैव म्हटलें. त्यानें मात्र तें पदक दीड मिनिटाच्या शर्यतीबद्दल नव्हे, तर मागील अनेक वर्षांच्या कष्टांबद्दल स्वीकारलें.