पाणी कोण भरत होते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



नागपुरात मी पुष्कळ वर्षे इतिहास शिकवला. एम.ए.च्या वर्गाला अमेरिकेच्या इतिहासाची एक प्रश्नपत्रिका असे. एका सकाळी मी मोठ्या तयारीने जॉर्ज वॉशिंग्टनवर बोलत होतो. युद्ध जिंकलेला सेनापती राजा होण्याचे नाकारतो, दोनदा अध्यक्ष होतो आणि मग स्वखुशीने घरी निघून जातो, असे सगळे रंगवून सांगत होतो. तेवढ्यात उमरेडकडून रोज एसटीने येणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, नाथांच्या घरी श्रीखंड्या पाणी भरत होता म्हणतात. या वॉशिंग्टनच्या घरी कोण भरत होते?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढे गेलो. उत्तर मला माहीत नव्हते, हे आज कबूल करतो. माहीत नव्हते, कारण तो प्रश्न इतिहासाचा आहे असेच मला तेव्हा वाटले नव्हते. आज ते उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. तो मुलगा कुठे ऐकत असेल तर त्याने उशिराबद्दल क्षमा करावी.

१७७६ च्या ४ जुलैला तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी नाते तोडले. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असा त्या जाहीरनाम्याचा गाभा. मसुदा लिहिला थॉमस जेफरसनने, आणि या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात संविधान तयार झाले. त्यात 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. पण प्रत्येक राज्याला किती प्रतिनिधी मिळावेत याची मोजदाद करताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरावी, अशी तरतूद आहे. गुलामांचा व्यापार १८०८ पूर्वी बंद करता येणार नाही आणि पळून गेलेला माणूस मालकाला परत द्यावा, अशाही तरतुदी आहेत. शब्द टाळला, व्यवहार मात्र ठेवला. शब्द टाळणाऱ्यांना काहीतरी टोचत होते, एवढे त्यावरून नक्की दिसते.

आता वॉशिंग्टनच्या घराकडे वळू. १७९० ते १८०० अशी दहा वर्षे फिलाडेल्फिया ही देशाची राजधानी होती. अध्यक्ष तिथे एका भाड्याच्या वाड्यात राहत. त्या वाड्यात वॉशिंग्टन यांनी आपल्या व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या मळ्यावरून नऊ गुलाम आणले होते. मोठ्या माणसांची नावे आपण पाठ करतो, तशी ही नऊही एकदा कानावर पडू द्या. ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलिस, ख्रिस्तोफर शील्स, रिचमंड, जाइल्स, मोल, जो आणि ओना जज.

अडचण अशी होती की पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८० मध्येच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला होता. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला तर तो मोकळा होऊ शकत असे. यावर अध्यक्षांच्या घरात तोडगा निघाला. सहा महिने भरत आले की त्या माणसाला काही निमित्त काढून राज्याबाहेर फिरवून आणायचे, म्हणजे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. १७९१ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन यांनी आपल्या चिटणिसाला तसे लिहिले. हे त्या माणसांनाही कळू नये आणि लोकांनाही कळू नये, असे त्यांनी त्यात बजावले आहे. हे पत्र आज वाचायला मिळते.

ओना जज ही अध्यक्षपत्नी मार्था यांची खास दासी. शिवणकामात तरबेज, वय बावीसच्या आसपास. मार्थाबाईंच्या नातीचे लग्न झाले आणि ओनाला तिच्याकडे भेट म्हणून दिले जाणार असल्याचे तिच्या कानावर आले. १७९६ च्या मे महिन्यात एके दिवशी घरची मंडळी जेवायला बसली असताना ती मागच्या मागे बाहेर पडली आणि जहाजाने उत्तरेकडे न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. तिला पकडून देणाऱ्यास दहा डॉलर इनाम, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. पळालेल्या गुलामांना पकडण्याच्या १७९३ च्या कायद्यावर वॉशिंग्टन यांनीच सही केली होती. तिला परत आणण्याचे त्यांचे प्रयत्न त्यांच्या अखेरच्या वर्षापर्यंत चालू राहिले, पण ती हाती लागली नाही. वाड्याचा नामांकित स्वयंपाकी हर्क्युलिस हा १७९७ च्या २२ फेब्रुवारीला माउंट व्हर्ननहून निसटला. तो वॉशिंग्टन यांचा पासष्टावा वाढदिवस होता.

ओना म्हातारी झाल्यावर, १८४५ आणि १८४७ मध्ये, गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्रांनी तिच्या मुलाखती छापल्या. नवरा आणि मुले तिच्याआधीच गेली होती. हाल पुष्कळ काढले होते. पळून आल्याचा पश्चात्ताप होतो का, असे विचारल्यावर तिने नाही म्हणून सांगितले. मोकळी झाल्यावर आपण वाचायला शिकलो, हेही तिने सांगितले. १८४८ मध्ये ती वारली. कायद्याने ती मरेपर्यंत पळालेली गुलामच होती.

ही हकीकत काही तळघरात गाडलेली नव्हती. हिशेबाच्या वह्या, पत्रे, जाहिराती, मुलाखती, सगळे कागद होते. पण फिलाडेल्फियाला जाणाऱ्या प्रवाशाला त्यातले काही दिसत नसे. तो वाडा १८३२ मध्ये पाडला गेला. पुढे त्या जागेच्या काही भागावर सार्वजनिक स्वच्छतागृह उभे राहिले. २००२ मध्ये एका संशोधकाने जुन्या कागदांवरून वाडा नेमका कुठे होता, कोणती खोली कुठे होती, हे दाखवून दिले. शेजारीच त्या वेळी प्रसिद्ध 'लिबर्टी बेल'साठी, म्हणजे स्वातंत्र्याच्या घंटेसाठी नवी इमारत उभी राहत होती. गुलाम जिथे राहत, ती जागा त्या इमारतीच्या दाराच्या अगदी जवळ निघाली. गंमत पाहा, त्या घंटेला 'लिबर्टी बेल' हे नाव रूढ केले तेही १८३० नंतरच्या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी.

मग गॅरी नॅश यांच्यासारखे इतिहासकार बोलू लागले. शहरातले कृष्णवर्णीय नागरिक संघटित झाले, सभा भरल्या, पत्रे गेली. २००७ मध्ये त्या जागी उत्खनन झाले. लोक कठड्याशी उभे राहून ते पाहत होते. दोन गोष्टींचे पाये सापडले. वॉशिंग्टन यांनी पाहुण्यांच्या स्वागतासाठी बांधून घेतलेली अर्धगोल खिडकी ही एक. स्वयंपाकघरातून मुख्य घरात नोकरांनी कुणाच्या नजरेस न पडता यावे म्हणून केलेली जमिनीखालची वाट ही दुसरी. दोन्हींत अंतर थोड्याच पावलांचे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या वाटेत होते.

२०१० मध्ये तिथे उघड्यावरचे स्मारक झाले. नऊ नावे भिंतीवर कोरली गेली. वाटले, प्रश्न मिटला. पण २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्थळांवरचा इतिहास देशाला कमीपणा आणणारा नसावा अशा अर्थाचा अध्यक्षीय आदेश निघाला, आणि जानेवारी २०२६ मध्ये त्या जागेवरचे माहितीफलक उतरवण्यात आले. शहराने न्यायालयात धाव घेतली. जाहीरनाम्याला अडीचशे वर्षे पूर्ण होण्याच्या वर्षातच हे घडले.

कोणी म्हणेल, अहो, अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांना आजची फूटपट्टी का लावता? आक्षेप वाजवी आहे. पण फूटपट्टी त्या काळातलीच होती. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १७८० चा. स्वतः एकेकाळी गुलाम बाळगलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७९० मध्ये गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही करून तो संसदेकडे पाठवला. आणि वॉशिंग्टन यांनीही मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करण्याची तजवीज केली. त्यांचे मोठेपण सांगताना हे सांगितलेच पाहिजे. पण आधीचे १७९१ चे पत्र लपवले, तर मृत्युपत्राचा अर्थ तरी कसा कळणार?

श्रोते हो, अमेरिकेचे हे भांडण तिकडचे तिकडे राहू द्यावे, असे वाटेल. पण मराठी माणसाने त्यात फार पूर्वी आपले मत नोंदवून ठेवले आहे. थॉमस पेन या लेखकाने १७९१ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याचा पहिला भाग वॉशिंग्टन यांना अर्पण केला. चिटणिसाला ते पत्र गेले, तेच हे वर्ष. पुढे हे पुस्तक पुण्यात जोतीराव फुले यांच्या हाती पडले. पेन वाचून त्यांच्या विचाराला धार आली, हे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिले. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेच्या नावाने आहे. पण तिच्यात वॉशिंग्टन नाहीत, जेफरसनही नाहीत. गुलामांना मुक्त करण्यासाठी ज्यांनी स्वार्थ बाजूला ठेवून त्याग केला, त्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी पुस्तक अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी हा कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली.

पेनने पुस्तक राष्ट्राच्या संस्थापकाला दिले. ते वाचून पेटलेल्या जोतीरावांनी आपले पुस्तक, संस्थापकांचे शब्द ज्यांनी किंमत मोजून खरे केले, त्यांना दिले. मला या निवडीत इतिहासाकडे पाहण्याची एक पुरी दृष्टी दिसते. समतेचा शब्द उच्चारणारा मोठा खराच. पण त्या शब्दाचा हिशेब मागणारा आणि तो चुकता करणारा, यांनाही राष्ट्राच्या संस्थापकांतच धरले पाहिजे. अशा अर्थाने ओना जज हीदेखील त्या प्रजासत्ताकाची एक संस्थापक ठरते. ती १८४८ मध्ये गेली, आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. योगायोगच. पण मोकळी होताच वाचायला शिकलेली ती बाई मला त्या शाळेच्या दाराशी उभी असल्यासारखी वाटते.

आणखी एक दाखला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समारोपाचे भाषण केले. त्यात त्यांनी जेफरसनचा आधार घेतला आहे. एका पिढीने पुढच्या पिढीला कायमचे बांधून ठेवू नये, हा जेफरसनचा विचार त्यांनी सभेपुढे ठेवला. माणूस बाळगणाऱ्या माणसाचा विचार आहे म्हणून तो फेकून दिला नाही. पण त्याच भाषणात त्यांनी इशाराही दिला की राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता अशी विसंगती आपण फार काळ चालवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. चांगला विचार कोठूनही घ्यावा आणि पाणी कोण भरते हेही विसरू नये. दोन्ही एकाच भाषणात आले. महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेल्या माणसाला दुसरे जमले असते तरच नवल.

आपल्या नागपूरला हा वारसा परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो माणसे येतात आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. संविधानाच्या प्रती, फुल्यांचे ग्रंथ, हातोहात जातात. मोलमजुरी करणारी बाई पदराच्या गाठीतले पैसे सोडून पुस्तक घेते, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला इतिहास ही फक्त विद्यापीठाची मालमत्ता आहे असे वाटणार नाही.

आणि सीताबर्डीचा किल्ला. एरवी लष्कराच्या ताब्यात असलेला हा किल्ला राष्ट्रीय सणांना लोकांसाठी उघडला जात आला आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथे आप्पासाहेब भोसल्यांची फौज कंपनीशी लढली. भोसल्यांकडून अरब शिपाई लढले. कंपनीकडूनही मेले ते पुष्कळसे मद्रास पलटणींतले हिंदी शिपाईच. पुढल्या वेळी मुलांना घेऊन ती टेकडी चढाल, तेव्हा त्यांना राजाचे नाव सांगा, रेसिडेंटाचे सांगा, आणि मग त्यांना विचारू द्या की तोफा वर कोणी ओढल्या, जखमींना पाणी कोणी पाजले, या शिपायांच्या घरी पुढे काय झाले.

काही उत्तरे कागदांत मिळतील, काही मिळणार नाहीत. पण प्रश्न विचारलेला मूल लक्षात ठेवते. फलक उतरवता येतात. वर्गात उभा राहिलेला मुलगा मात्र एकदा उभा राहिला की सहजी खाली बसत नाही. माझ्या वर्गात तर तो अजूनही उभाच आहे.